रत्नमाला, धनज, १९८६

नागपूर,
९ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

परवा फोन केला तर तुझ्या शेजारच्या बेबीताईंनी उचलला. म्हणाल्या, "तिले आता कानानं काहीच येत नाही, पोरी. पत्र टाक. दोन-दोनदा वाचते." म्हणून लिहायला बसले. आईला सोडून कुणाला हातानं पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही.

बाबांना जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. जानेवारीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय. मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते, तेव्हा पुस्तिकेतला लेख मीच लिहावा असं सगळ्यांचं म्हणणं. चित्रं बाहेर काढता काढता माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक सापडलं. आईनंही ते कधी पाहिलं नव्हतं. मागं बाबांच्या अक्षरात इतकंच आहे: 'रत्नमाला, धनज, १९८६'. फोटो मोठा करून सोबत पाठवते.

आत्या, बाबांनी एवढं चांगलं चित्र दुसरं काढलं नाही. ओट्यावर, दाराला लागून एक बाई एकटी बसली आहे. मागं दाराचा अंधार, पुढं उन्हाचा पट्टा, आणि ती दोहोंच्या मधे. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. नजर चित्राबाहेर कुठंतरी. शेजारच्या भिंतीवर खडूनं लिहिलेल्या आकड्यांच्या ओळीच्या ओळी. मी लेखात लिहिलंय की ही दिवस मोजणारी बाई आहे, परित्यक्ता आहे, जगानं तिला उंबऱ्यावर थांबवून ठेवलंय आणि तिनं आपला आक्रोश बोटांत दाबून धरलाय. छापण्याआधी तुला विचारावं असं वाटलं. तुला कुणी सोडून गेलं होतं का? घरात कुणी कधी बोललं नाही. मी आठ वर्षांची होईपर्यंत तू दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायचीस एवढंच मला आठवतं.

तुझी,
स्नेहा

*

धनज,
२० ऑगस्ट २०२४

चि. स्नेहास,
जयभीम.

पत्र व फोटो मिळाला. चित्र पुरे झाल्यावर सतीशने मला दाखवले नव्हते. रंग ओले असतानाच घेऊन गेला. त्यामुळे मी ते अडतीस वर्षांनी पाहिले. साडी बरोबर काढली आहे. ओट्याची एक फरशी फुटलेली होती, तीही आहे.

तुझ्या लेखातील चुका खाली देते.

भिंतीवरचे आकडे दिवस मोजल्याचे नाहीत. त्या काळी मलेरियाचा माणूस दर पंधरवड्याला घरोघरी येई, कुणाला ताप आहे का विचारी, बोटातून रक्त घेई आणि आल्याची तारीख दारापाशी लिहून जाई. गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर तसे आकडे होते.

बोटे घट्ट धरली, कारण माशा बसत होत्या आणि हात हलवायचा नाही असा तुझ्या वडिलांचा हुकूम होता.

'परित्यक्ता' हा शब्द खोडावा. टाकायला आधी कुणी घ्यावे लागते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, पगार होता, वडील माझ्याजवळ होते. लग्न केले नाही, इतकेच.

आणि मी तेव्हा दुःखी नव्हते. चेहरा त्याने चुकीचा काढला आहे.

बाकी ठीक. सोयाबीन बरे आहे. तुझ्या आईस नमस्कार.

रत्नमाला

*

नागपूर,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आई हसली. म्हणाली, "बाईंनी वही तपासली तुझी." तो शब्द खोडला. माफ कर. मलेरियाचंही खरंच ठाऊक नव्हतं.

पण चेहऱ्याचं मला पटत नाही. बाबांचा हात चेहऱ्यात चुकत नसे. शाळेतल्या शिपायापासून माझ्या आजोबांपर्यंत त्यांनी काढलेली माणसं बोलतील अशी आहेत. मग एकट्या तुझ्याच चेहऱ्यात कसे चुकले? डोळ्यांखालची ती सावली, खालच्या ओठाचा तो ताण उगाच येत नाही. मी चित्राची एक प्रत टेबलावर लावली आहे. रोज बघते आणि रोज वाटतं, या बाईला काहीतरी कळलंय, आणि ते तिला सोसत नाहीये. माणूस आपलं दुःख स्वतःपासूनही लपवतं, आत्या. इतक्या वर्षांनी तुला तेव्हाचं आठवत नसेल, असंही होऊ शकतं ना?

रागावू नकोस. चित्र काढलं त्या दिवसांबद्दल जे आठवेल ते लिही. बाबा तेव्हा कसे होते, तेही. मला त्यांचं तरुणपण ठाऊकच नाही.

स्नेहा

*

धनज,
१४ सप्टेंबर २०२४

चि. स्नेहास,

माझ्या मनात काय होते ते तू मला शिकवू नको. शुद्धलेखनही आता सोडून देते, घरच्या भाषेत लिहिते. रागात मले तीच येते.

सतीश जयंतीसाठी आला होता. चौदा एप्रिलले सोमवार होता. मिरवणुकीत लय नाचला. मंगळवारी परत जाणार होता, पण बुधवारी सकाळी म्हणे, "ताई, तुह्यं चित्र काढतो. तीन दिवस बस माह्यापुढं." मले आधी हसूच आलं. माह्यं कायले काढतं, मी काय हिरोईन आहे? पण सांगू का, आतून बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांची होती मी. माय गेल्यापासून घरात माह्याकडं कोणी नीट पाह्यलं नव्हतं. बाबाले जेवण पाहिजे, पोरांले धडा पाहिजे. अन् हा शिकलेला भाऊ म्हणते, बस, तुले पाहतो.

सकाळची शाळा होती. बुधवारी दुपारून बसली. त्याच सांजी तो म्हणे, "उद्या गुरुवारची रजा टाक. सकाळचा उजेड पाहिजे." नोकरीत मी रजा टाकली नव्हती कधी, त्याच्यासाठी टाकली. तिन्ही दिवस माह्या तोंडावर हसू येऊन राह्यलं होतं अन् तो दटावे, "ताई, तोंड मिट." ओठाचा ताण म्हणतेस तो हसू दाबल्याचा आहे.

हसू काहून येत होतं, तेही सांगून टाकते, म्हणजे तुह्या लेखाचं भागलं. त्या आठवड्यात एका माणसाचा निरोप यायचा होता मले. चांगला निरोप. मी वाट पाहून राह्यली होती, पण खुशीत. नजर चित्राबाहेर आहे ना, ती रस्त्यावर आहे.

निरोप आला नाही. पण ते नंतरचं. चित्रातल्या बाईले ते माहीत नाही.

आता हा विषय पुरे. सतीशचे जुने कागद फार उकरू नको. मेलेल्या माणसाच्या पेट्या उघडून कोणाचं बरं झालं नाही.

रत्नमाला

*

नागपूर,
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

अडीच महिने पत्र लिहिलं नाही. कामाचं कारण सांगू शकले असते. पण खरं असं की दसऱ्याच्या सुट्टीत मी बाबांच्या पेट्या उघडल्या. तू नको म्हणालीस म्हणूनच उघडल्या असतील.

एका रेखावहीत त्या चित्राची कच्ची रेखाटनं होती. तुझे हात, तुझा कान, ओट्याचा कोपरा. त्याच वहीच्या पुठ्ठ्यात एक घडी घातलेला कागद होता. तो सोबत पाठवते. झेरॉक्स नाही, मूळच. तो तुझा आहे. तरी तुला एकटीला उघडताना धक्का बसू नये म्हणून इथे उतरवून देते:

'रत्नमालाबाई, विचार पक्का झाला. गुरुवारी ता. १७ ला सकाळी दहा वाजता शेलूबाजारच्या स्टॅण्डवर या. तिथून अकोल्याला जाऊन लग्नाच्या नोंदणीचा अर्ज देऊ. माझ्या तांड्यावर मी सांगून टाकलं आहे. काय व्हायचं ते होईल. शेवटच्या गाडीपर्यंत बसतो. नाही आल्या तर तुमची इच्छा नाही असं समजेन, आणि बदली मागून घेईन, पुन्हा तुमच्या दारात उभा राहणार नाही. सतीशभाऊ समजदार आहेत, म्हणून त्यांच्या हाती देतो. धनसिंग.'

आत्या, बाबांनी तो तुला दिला नाही. तू लिहिलेलं मी पुन्हा काढून वाचलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता तू रजा टाकून त्यांच्यासमोर बसली होतीस. त्यांनी तुला बसवून ठेवलं होतं.

मी आईला विचारलं. ती म्हणाली की तिच्या वडिलांनी स्थळ पक्कं करताना बाबांना बजावलं होतं, "घरात काही भानगड निघाली तर लग्न मोडेल." आई-बाबांचं लग्न १८ मे १९८६ ला झालं. बरोबर महिन्यानं. आईला चिठ्ठीचं काही ठाऊक नव्हतं. पण त्या लग्नातून मी झाले, आणि हे मला कुठं ठेवावं ते कळत नाहीये.

हा कागद बाबांनी सदतीस वर्षं ठेवला, मी सहा आठवडे ठेवला. रोज ठरवायची की जाळून टाकावा, तुला आता कशाला त्रास. मग लक्षात आलं, त्यांनीही रोज असंच म्हटलं असेल.

मला क्षमा कर. त्यांना करता आली तर कर.

स्नेहा

*

धनज,
९ डिसेंबर २०२४

माह्या पोरी,

पत्र मिळालं. कागद मिळाला. अक्षर ओळखलं. त्याच अक्षरातल्या तारखा माह्या भिंतीवर होत्या.

तुले धक्का बसला असंल, मले नाही बसला. मले माहीत होतं. कागद मात्र आज पहिल्यांदा पाह्यला.

सारं सांगते. धनसिंग हा तो मलेरियाचा माणूस. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, बंजारा. दोन वर्षं दर पंधरवड्याले यायचा. ताप कोणालेच नसे, तरी आमच्या दारात दहा मिनिटं जायची. तो वाचणारा होता, मले शाळेतली पुस्तकं मागे. आम्ही एकमेकांच्या बोटालेही हात लावला नाही, रक्त घेतलं तेवढंच. मार्चात त्यानं इचारलं. मी म्हटलं, तुमच्या घरी बोला, मंग सांगा. तो म्हणे, पुढच्या खेपेले पक्कं सांगतो. पंधरा तारखेले तो आला तवा मी शाळेत होती, घरी सतीश होता.

मंग तो आलाच नाही. मे महिन्यात दुसरा माणूस आला, तारीख दुसऱ्या अक्षरात लिहून गेला. मी समजली, याचा धीर खचला, तांड्यानं अडवलं असंल. मनातल्या मनात त्याले भित्रा म्हटलं. दहा वर्षं म्हटलं.

शहाण्णवमध्ये पल्स पोलिओची बैठक होती कारंज्याले. मास्तर लोक अन् दवाखान्याचे लोक एकत्र. तो समोर उभा. केस पिकले होते. जेवणाच्या सुट्टीत नळापाशी आला, म्हणे, "बाई, एक इचारू? तुमी आल्या नाही." मी म्हटलं, "कुठं?" तो पाहतच राह्यला. म्हणे, "शेलूबाजारले. मी रातच्या गाडीपर्यंत बसलो. सतीशभाऊजवळ चिठ्ठी देल्ली होती." मी म्हटलं, "मले कोणी काही देल्लं नाही." नळ तसाच वाहून राह्यला होता. थोड्या वेळानं तो म्हणे, "मंग आता?" मी म्हटलं, "आता काय. लेकरं किती तुमाले?" तो म्हणे, तीन.

तेवढंच बोलणं. पुन्हा भेटलो नाही. दोन वर्षांमागं तो गेला. घरचे लोक मानोऱ्यालेच आहेत, म्हणून त्याचं नाव तुह्या पुस्तकात येऊ देऊ नको.

त्या उन्हाळ्यापासून मी नागपूरले येणं बंद केलं. तू इचारत होतीस ना.

आता माह्यं ऐक, कारण हे मी कोणालेच सांगतलं नाही. सतीशनं केलं ते केलं. पण २००४ मध्ये, आमचे बाबा गेले तवा, तो आला होता. पुण्यानुमोदन झालं, सारे पाहुणे गेले, तो एकटा थांबला. त्याच ओट्यावर बसला. मी चहा देल्ला. तो म्हणे, "ताई, तुले एक सांगाचं होतं." मले कळलं, आता हा सांगते. मी म्हटलं, "चहा थंडा होऊन राह्यला." तो प्याला. पुन्हा म्हणे, "ताई, ते चित्र काढलं होतं ना तुह्यं..." मी म्हटलं, "औंदा टिना बदलाव्या लागतीन, पाणी गळते." अन् टिनांचं बोलत राह्यली, बोलत राह्यली. तो माह्याकडं पाहे अन् मी कवेलू अन् टिनांचा भाव सांगे. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं तवा मी उठून विहिरीवर गेली. परत आली तवा तो पिशवी घेऊन उभा होता. दुपारच्या यष्टीनं गेला.

मी मुद्दाम केलं, स्नेहा. त्यानं सांगतलं असतं तर मले माफ करावं लागलं असतं. मले करायचं नव्हतं. त्यानं ते घेऊन फिरावं असं वाटे. मनात म्हणे, अजून दोन-चार वर्षं फिरू दे, मंग ऐकीन. एकोणीस वर्षं गेली अन् तुह्या आईचा निरोप आला की माती झाली.

चेहरा त्यानं चुकीचा काढला म्हटलं होतं. आता रोज फोटो पाहते. तो माह्या मनातला नाही. मी हसून राह्यली होती. मले काय होणार ते त्याले माहीत होतं, मले नाही. तू इतक्या दिवसांपासून ज्या बाईचं मन वाचून राह्यली, ते सतीशचं आहे.

तुह्यी,
आत्या

*

नागपूर,
२० डिसेंबर २०२४

आत्या,

लेख फाडला. प्रदर्शनात चित्राखाली फक्त बाबांनी लिहिलेलं तेवढंच ठेवणार आहे. तुला नको असेल तर चित्र लावतच नाही. सांग.

पण त्यासाठी हे पत्र नाही. तू खरं लिहिलंस, आता मला लिहायचं आहे.

गेल्या वर्षी बाबा दवाखान्यात होते. एका बुधवारी दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. घरी ते वऱ्हाडी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "स्नेहा, ताईले बोलाव. मले तिले एक सांगाचं हाये." मी हो म्हटलं. बाहेर आले, फोन हातात घेतला, आणि केला नाही. डॉक्टर म्हणाले होते त्यांना ताण नको. मला वाटलं तुमचं काही शेतीचं, घराचं जुनं भांडण असेल, तू येशील, रडारड होईल. मी त्यांच्या भल्यासाठीच ठरवलं असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कळवलं?" मी म्हटलं, "कळवलं बाबा, येते म्हणाली."

त्यानंतर ते नऊ दिवस जगले. दार वाजलं की मान वळवायचे. नर्स आली, चहावाला आला, तरी वळवायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "नाही येणार ती. बरोबर आहे तिचं." मी त्यांचे पाय दाबत होते. तेव्हाही बोलले नाही. ते तसंच समजून गेले, आत्या.

तू शिक्षा दे. मी घेईन.

स्नेहा

*

धनज,
२ फेब्रुवारी २०२५

पोरी,

जानेवारीत पत्राचं उत्तर देल्लं नाही. वाचून दोन दिवस तुह्यावर राग होता. खोटं कायले लिहू. चुलीपाशी बसून मोठ्यानं बोलली तुले. बेबीताई धावत आली, तिले वाटलं कोणी घरात घुसलं.

राग गेल्यावर मी सोतालेच इचारलं, तुनं फोन केला असता तर मी गेली असती का? खरं सांगते, मले माहीत नाही. कदाचित म्हटलं असतं, तब्येत बरी नाही. कदाचित दारापर्यंत येऊन परत फिरली असती. पण ते मले ठरवू द्यायचं होतं तुनं. सतीशनं बी तेवढंच करायचं होतं. शेलूबाजारले मी गेली असती का, ते बी मले आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आमचे बाबा एकटे होते. स्टॅण्डवरून परत आली असती कदाचित. पण माह्या पायानं आली असती.

शिक्षा मी कोणाले देत नाही आता. एकाले देल्ली, ती मलेच लागली.

तुले न सांगता प्रदर्शनाले आली, बेबीताईले घेऊन. तू दिसली, धावत आली, हात धरला, काहीबाही बोलली. मले ऐकू आलं नाही, अन् तुले रडू येत होतं म्हणून ओठ बी वाचता आले नाही. पण हात धरला ते कळलं. तू माह्याजवळ लिहून मागत होती अन् मले तिथं काही लिहिता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

चित्रापाशी दोन पोरी उभ्या होत्या. बोटं दाखवून एकमेकीले काहीतरी समजावून सांगत होत्या. माह्याकडं पाह्यलं, थोड्या सरकल्या, अन् पुन्हा सुरू. ओळखलं नाही. कशा ओळखतीन?

फोटोत दिसलं नव्हतं ते मोठ्या चित्रात दिसलं. चेहऱ्यावर त्यानं रंग पुन्हा पुन्हा लावला आहे. साडी एका दमात काढली, फरशी एका दमात काढली. चेहरा खरवडला, पुन्हा लावला, पुन्हा खरवडला. त्याच्यावरून एक आठवलं, ते मी तुले आधी लिहिलं नाही, कारण मलेच आठवलं नव्हतं.

गुरुवारचा दिवस. नऊ वाजले असतीन. तो ब्रश ठेवून उठला, रस्त्यापर्यंत गेला, परत येऊन बसला. थोड्या वेळानं पुन्हा उठला, खिशात हात घातला, परत बसला. दहा वाजता शाळेच्या रस्त्यानं कारंज्याची यष्टी गेली. तिचा आवाज आला अन् तो तिसऱ्यांदा उठला. माह्यासमोर येऊन उभा राह्यला. घाम आला होता. मी म्हटलं, "काय झालं रे सतीश?"

तो म्हणे, "काही नाही, ताई. तू हालू नको."

अन् मी हालली नाही.

तुह्यी,
आत्या